माजावर आलेल्या नरावर बाण सोडणं भ्याडपणा आहे का?

ड्रिफ्टलेसकर:
रेवा यांनी परवा लिहिलं, "नोव्हेंबरात मादीमागे वेड्यासारखा धावणारा हरणाचा नर झाडावर लपून बाणाने मारायचा आणि वर फोटो टाकायचे, हा भ्याडपणा आहे. आपली मराठी माणसंही त्यात आहेत याची लाज वाटते." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विस्कॉन्सिनात राहतो, धनुष्याने व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरण, मारतो, रटमध्येच, म्हणजे माजाच्या हंगामातच मारतो, आणि मला त्याची लाज वाटत नाही. म्हणून हे लांबलचक उत्तर.

तो नर आंधळा वगैरे अजिबात नसतो. दिवस लहान होत जातात तसा माज चढतो. थंडी पडो न पडो, आमच्याकडे नोव्हेंबरचे पहिले दोन आठवडे धुमाळी असते. डो, म्हणजे मादी, माजावर राहते जेमतेम एक-दीड दिवस, त्यामुळे एरवी रात्रीच हिंडणारा मोठा नर भर दुपारीही बाहेर पडतो. खाणं जवळजवळ सोडतो, हंगाम संपेपर्यंत पाचवा हिस्सा वजन घालवून बसतो. पण नाक शाबूत असतं. डो जिथे बसतात त्या झाडीच्या वाऱ्याखालच्या अंगाने तो चालतो, म्हणजे एका फेरीत सगळ्यांचा वास मिळतो. माझ्या झाडावरून वारा त्याच्याकडे वळला की त्या दिवसाचं काम संपलं.

बंदूकवाला दोनशे यार्डांवरून मारू शकतो. मला तो वीस यार्डांत यावा लागतो, आणि आला म्हणून बाण सोडता येतोच असं नाही. गेल्या हंगामात एक दांडगा नर स्क्रेपवर आला, म्हणजे नर खुराने उकरून वास सोडतात त्या जागेवर. खुराने पाला उकरला, वरची लोंबती फांदी तोंडात धरली, डोळ्यापाशी तिच्यावर घासत राहिला. मी धनुष्य पूर्ण ताणलेलं, दोरी नाकाच्या शेंड्याला टेकलेली. तो वळला तो छाती माझ्याकडे करूनच. समोरून बाण मारला तर हाडावरून सरकण्याची भीती, मग जनावर जखमी होऊन जातं. दंड थरथरायला लागला तसं धनुष्य सैल केलं. तेवढी हालचाल त्याने टिपली आणि उडी मारून गेला. असे प्रसंग फोटोत येत नाहीत.

आणि न मारून काय होणार? दक्षिण विस्कॉन्सिनात लांडगे नावापुरते. मग मारते ती गाडी. नोव्हेंबरात रस्त्याकडेला किती पडलेले दिसतात ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी मारून मारून ही जात बहुतेक राज्यांतून संपत आली होती. ती परत आली ती शिकाऱ्यांच्या पैशावर. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला, पुढे १९७० च्या दशकात धनुष्यबाणही त्यात आले. तो पैसा थेट वन्यजीवांवर खर्च होतो. हात जोडून प्रेम करणाऱ्यांनी किती दिले?

रेवा_मॅडिसन:
थरथरता दंड वाचला. आता माझ्या परसातलं ऐका.

दोन वर्षांपूर्वी एक डो आमच्या मागच्या अंगणात यायला लागली. मागच्या मांडीत बाण रुतलेला, पिसं बाहेर, चालताना तो बाण झुडपांत अडकायचा आणि ती जागच्या जागी थांबायची. ज्यांना फोन केला ते म्हणाले, चालतेय ना, मग राहू द्या. माझा मुलगा खिडकीत उभा राहून तिची वाट बघायचा. बर्फ पडल्यावर ती दिसली नाही. हेही तुमच्या फोटोत येत नाही.

हा एकटा-दुकटा प्रकार आहे असं म्हणू नका. मेरीलँडमध्ये नौदलाच्या तळावर वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या होत्या. नेमबाजीची परीक्षा पास झालेल्यांनाच तिथे सोडत. तरी बाण लागलेल्या हरणांपैकी १८ टक्के सापडलीच नाहीत. हे परीक्षा दिलेल्यांचं. बाकीच्यांचं काय होत असेल?

आणि संख्या आटोक्यात ठेवण्याची ढाल पुढे करू नका. एक नर कितीतरी माद्यांना पुरतो. नर मारून संख्या कमी होत नाही, डो मारून होते. विस्कॉन्सिनात "अर्न-अ-बक" होतं: आधी बिनशिंगी हरण मारा, मगच नराचा टॅग, म्हणजे मारायचा परवाना. २०११ साली ते कोणाच्या ओरड्यामुळे रद्द झालं? शिकाऱ्यांच्याच. म्हणजे रटमधली हौस शिंगांची आहे, जंगलाची नाही.

वसईची_सुगरण:
मटण, कोंबडी, सुरमई सगळं दुकानातून आणून खाणारे लोक हरणासाठी डोळे पुसतात, मला नवल वाटतं. त्या कोंबडीने उघड्यावर एक दिवस तरी काढला का? माझा दीर न्यू जर्सीत धनुष्याने शिकार करतो. मी त्या हरणाचं सुकं केलंय, खोबरं-कांदा भाजून. चरबी आधी सगळी काढून टाकावी लागते, नाहीतर टाळूला मेणासारखी चिकटते. मांस उत्तम.

रेवा_मॅडिसन:
मी शाकाहारी आहे, सुगरणबाई. तुमचा नेम चुकला.

मिशिगनचा_मास्तर:
रेवाताई, १८ टक्क्यांचा आकडा दिलात तर उरलेले ८२ पण मोठ्याने सांगा. आणि न सापडलेलं प्रत्येक हरण मेलंच असंही नाही. बाण लागल्यावर काय करायचं ते आम्ही नवीन मुलांना शिकवतो: लगेच मागे धावायचं नाही, किमान अर्धा तास बसायचं. रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस, हरण जवळच असतं. काळपट लाल असेल तर यकृत, थांबा काही तास. हिरवट आणि वास येत असेल तर पोटात लागलंय, रात्रभर थांबा. त्याला लगेच उठवलंत तर ते मैलभर जातं आणि मग सापडत नाही. तुमच्या अंगणातल्या डोला बाण मारणारा हे शिकलेला नव्हता. त्याच्यावर मीही चिडतो.

पण "भ्याड" हा शब्द मागे घ्या.

रेवा_मॅडिसन:
नाही घेणार.

खडकीचा_वारकरी:
इकडे अमेरिकेत टॅग काढला की शिकार हा छंद झाला. तिकडे फासेपारध्याने पोटासाठी तितर धरला तर तुरुंग. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, १९५२ ला तो रद्द झाला, पण पोलिसांच्या नजरेतून तो गेलेला नाही. ज्यांच्याइतकी पाखरांची, हरणांची जाण कोणाला नाही त्यांना आपण चोर म्हणतो आणि आयटीवाला झाडावर बसला की निसर्गप्रेमी. यावर कोणी बोलणार आहे का?

ड्रिफ्टलेसकर:
मुद्दा खरा आहे, पण धागा वेगळा काढा. इथे विषय व्हाइटटेलचा आहे.

हिंगणघाटचा_पंजाब:
राजेहो, तुमी अमेरिकेतल्या हरनावर भांडून रायले, आमच्या वावरात या एकदा. रोही, म्हंजे नीलगाय, कळपानं येते. हरबरा खाते तो खाते, बाकीचा तुडवते. रानडुक्कर तं भुईमुगाची वळच्या वळ उकरते. हिवाळ्यात रातभर जागलीले जा लागते, शेकोटी पेटवून डबे वाजवत बसतो, अन् सकाळी पाह्यलं तं दुसऱ्या धुऱ्यावरून आत. माह्या बापाले जागलीतच न्युमोनिया झाला. पंचनाम्यासाठी चकरा मारा, फोटो द्या, सातबारा द्या, भरपाई येते त्यात बियाणाचा खर्च निंगत नाही. वन्यजीवाच्या कायद्यात कलम ११ हाय, उभ्या पिकाले धोका असन तं मारायची परवानगी भेटते म्हनते. परवानगी येईपर्यंत पीक रायते का? हरिन पाहून तुमाले कविता सुचते, आमाले कर्ज दिसते.

मिशिगनचा_मास्तर:
पंजाबराव, हेच म्हणतोय आम्ही! तिकडे नियमाने हंगाम ठरवला, टॅग दिले, तर शेतकरी, जंगल आणि पारधी तिघांचंही भलं होईल.

रेवा_मॅडिसन:
बिहारमध्ये करून झालंय. २०१५ च्या अखेरीस रोही "उपद्रवी" जाहीर केली. २०१६ च्या जूनमध्ये मोकाम्यात बाहेरून नेमबाज आणून दोनशेच्या वर मारल्या, आणि केंद्राच्या एकाच मंत्रिमंडळातले मनेका गांधी आणि जावडेकर जाहीरपणे भांडले. म्हणून रोही थांबल्या का?

हिंगणघाटचा_पंजाब:
ताई, तुमी रोही कोनत्या फोटोत पाह्यली? घोड्याएवढं जनावर हाय ते. थांबल्या नाहीत तं मग काय करायचं तेही सांगा. कुंपनाले हलका झटका देनारं झटका मशीन लावतो म्हनलं तं पैसे पायजे. काही जन सरळ लाइनीचा करंट सोडते तारेत. त्यात वाघ मरते, अन् शेजारचा मानूसही मरते. तो भ्याडपना तुमाले दिसत नाही, कारन तो रातच्याले होते.

खडकीचा_वारकरी:
पंजाबराव, तारेत करंट सोडणाऱ्याची बाजू घेऊ नका. आमच्या नात्यातला एक माणूस तसा गेला. दुसऱ्याच्या वावरात, पाण्याची पाळी द्यायला निघालेला.

हिंगणघाटचा_पंजाब:
बाजू घेत नाही. काहून सोडते ते सांगतो. तुमच्या मानसाचं वाईट झालं. पन सरकारनं कुंपन दिलं असतं तं कोनी तारेत करंट सोडला असता काय?

वसईची_सुगरण:
कुंपणाला अनुदान आहे ना?

हिंगणघाटचा_पंजाब:
कागदावर. आमच्या गावात यादी निंगाली त्यात ज्याइचं वावर जंगलाले लागून हाय त्याइचंच नाव नाही. जाऊ द्या.

ड्रिफ्टलेसकर:
मूळ मुद्द्याकडे येतो. रेवाताई, डोबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. "अर्न-अ-बक" रद्द करणं ही घोडचूक होती आणि ते आमच्याच लोकांनी घडवून आणलं, हे मला कडू वाटतं तरी खरं आहे. मी नराआधी डो मारतो, कायदा सांगत नसला तरी. पण म्हणून रटमध्ये नर मारणं वाईट ठरत नाही. जास्तीची डो मी अन्नदान योजनेला देतो. रानातलं मांस इथे विकता येत नाही, ते पोटात जातं किंवा दानात.

रेवा_मॅडिसन:
आणि सीडब्ल्यूडी, तो हरणांना झिजवून मारणारा रोग? २००२ साली आपल्याच मॅडिसनच्या पश्चिमेला, माउंट होरेबच्या आसपास हा रोग सापडला. मेंदू पोखरणारा प्रायॉन, म्हणजे बिघडलेलं प्रथिन, औषध नाही. मादीपेक्षा प्रौढ नरात जास्त आढळतो, कारण तेच गावभर हिंडतात. तुमचा रटमधला दांडगा नर म्हणजे तो रोग असण्याची शक्यता सगळ्यात जास्त असलेलं हरण. ते दानात देता?

ड्रिफ्टलेसकर:
मी देतो ती डो, तीही अहवाल आल्यावरच. नराचंही डोकं तपासणीच्या डब्यात टाकतो, गळ्यातल्या लसिकाग्रंथी काढून तपासतात, तोवर मांस फ्रीझरमध्ये बंद. एका वर्षी अहवाल वाईट आला, सगळं टाकून दिलं. आणि ऐका, हा रोग नरांमुळे पसरतो असं तुम्हीच म्हणता, मग ते नर काढायला नकोत का? मोठे नर जपून ठेवा म्हणणारे शिंगवाले लोक वेगळे. मी त्यांच्यातला नाही.

रेवा_मॅडिसन:
हे मान्य. एवढंच मान्य. रोगाच्या पट्ट्यात प्रौढ नर मारण्याला अर्थ आहे, हे मला आधी कोणी नीट सांगितलं नव्हतं. बाण मात्र मला अजूनही पटत नाही. मारायचंच तर बंदुकीने मारा, लवकर संपतं.

मिशिगनचा_मास्तर:
उपनगरात, घरांच्या मध्ये? गोळी भिंतीतून जाईल. जिथे हरणं सगळ्यात जास्त झालीत तिथे बहुतेक ठिकाणी धनुष्यच चालतं.

रेवा_मॅडिसन:
मग नेमाची परीक्षा सक्तीची करा. मेरीलँडच्या त्या तळावर होती तशी, दरवर्षी, सगळ्यांना. लायसन्स असलं की आज धनुष्य विकत घेऊन उद्या झाडावर चढता येतं.

ड्रिफ्टलेसकर:
याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि आमच्या क्लबात यावरून माझी भांडणं झालीत. शिकारीच्या नियमांवरची वसंतातली सुनावणी प्रत्येक काउंटीत होते. शिकार न करणाऱ्यालाही तिथे मत देता येतं, पण कोणी देत नाही. तुम्ही दोन ठराव मांडा: नेमाची परीक्षा, आणि "अर्न-अ-बक" परत. दोन्हींना मी हात वर करीन.

रेवा_मॅडिसन:
मांडते. बाकी "भ्याड" शब्द तसाच राहील.