रस्ता होण्याआधीच पाइप गाडा, आणि ओढून तपासा
नव्या प्लॉटिंगमधल्या रस्ते आणि विजेच्या कामाच्या या चर्चेत 'डांबरीकरण उरकून घ्या, केबलसाठी रस्ता नंतर तेवढाच उकरता येईल' असं कुणी सुचवलंय, ते पटत नाही. उकरलेला चर बुजवून कितीही ठोकून दाबला तरी बहुधा पुढे बसतोच आणि रस्त्याला खळगा पडतो. रस्ता ओलांडणारे वीज आणि दूरसंचाराचे पाइप खडी पडायच्या आत जायला हवेत, जोडीला एक-दोन रिकामेही.

चर्चेत सगळा भर ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेवर आहे, पण पाइपांची तपासणी कुणी काढलीच नाही. माती लोटली की काम संपत नाही. पाइपच्या आतल्या व्यासापेक्षा किंचित बारीक मँड्रेल (तपासणीचा दंडगोल ठोकळा) एका चेंबरपासून (केबल ओढायच्या खड्ड्यापासून) दुसऱ्यापर्यंत ओढून बघायचा. अडकला तर पाइप चेपलाय, सांधा सरकलाय किंवा आत माती गेलीय, आणि हे रस्त्याआधी कळलं तर दुरुस्ती स्वस्तात होते. मग पुढे केबल ओढायला लागणारी ओढदोरी आत ठेवून दोन्ही तोंडं टोपणाने बंद. (टोपणं विसरली की पहिल्याच पावसात गाळ.) काटकोनी एल्बो (वळणाचा जोड) तर नकोच, फायबर केबल ओढताना वळणाची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या साधारण २० पट लागते.

दोन्ही सेवा एकाच चरात चालतात, पण मधलं अंतर आणि खोली संबंधित कंपन्यांच्या मंजूर आराखड्याप्रमाणे, आणि चेंबर वेगवेगळे. इशारा-पट्टी (खोदणाऱ्याला खाली केबल आहे हे सांगणारी) पाइपच्या वर, थोडं अंतर सोडून. चर बुजवण्याआधी हद्दीच्या दगडापासून मापं घेऊन नकाशावर चढवा, हस्तांतराच्या वेळी प्रत्यक्ष कामाचा नकाशा मागतातच.