६ बाय ९ चं किचन, ९ फुटी ओटा, तरी पोळ्या करायला जागा नाही. काय करू?

मुलुंडकरीण
मंडळी, मदत हवीय. मुलुंडला रिडेव्हलपमेंटमधला फ्लॅट ताब्यात आलाय, किचन आतून ६ बाय ९ फूट. लांब भिंतीला ९ फुटी सरळ ओटा, एका टोकाला ड्राय बाल्कनीचं दार, दुसऱ्या टोकाने हॉलमधून यायचं. ऐकायला ९ फूट भरपूर वाटतात पण बिल्डरने सिंक कोपऱ्यापासून फूटभर सोडून बसवलंय, मग फक्त १२ इंच मोकळे आणि लगेच शेगडी, म्हणजे परात ठेवली की ती एकतर सिंकवर लटकते नाहीतर बर्नरला टेकते. शेगडीच्या उजवीकडे ३० इंच आहेत, तिथे मिक्सर, तेलाची बरणी, मिसळणाचा डबा आला की संपलं. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय समोरच्या भिंतीलाही २ फुटी ओटा करून टाका, फ्रिजही तिथेच बसवू. आमच्याकडे सकाळी पोळ्या आणि रात्री भाकरी, करणाऱ्या आई आणि मी. आई जेमतेम ५ फूट आणि मी ५ फूट ६ इंच, त्यामुळे उंचीचंही कळत नाहीये. पुढच्या आठवड्यात तोडफोड सुरू होणार, प्लीज लवकर सांगा.

मापवाला_दादर
समोर २ फुटी ओटा अजिबात करू नका. सहा फुटांतले दोन इकडे, दोन तिकडे, मधे उरले दोन, त्यात खालची ट्रॉली ओढली की उभं राहायलाच जागा नाही, आणि आई शेगडीपाशी असतील तर तुम्हाला बाल्कनीत जाता येणार नाही. समोर करायचंच तर १५ इंच खोलीचं करा, मधे ३३ इंच राहतात, चालतं. मिक्सर, मायक्रोवेव्ह, डबे सगळं तिकडे जाऊ दे.

आता मुख्य ओटा. एकूण किती फूट याला माझ्या मते फार अर्थ नाही, सलग तुकडा किती मिळतो ते बघायचं. परात १४-१५ इंच, पोळपाट १०, शेजारी पोळ्यांचा डबा ८-९, म्हणजे पस्तीसच्या आसपास झालेच. अमेरिकेतल्या नॅशनल किचन अँड बाथ असोसिएशनच्या मार्गदर्शक मापांतही सिंकशेजारी सलग ३६ इंच रुंद आणि २४ इंच खोल जागा सांगितलीय, आपल्या पोळ्यांचा हिशोबही तिथेच येतो. तुमच्याकडे हे ३६ इंच आहेत, फक्त तुकडे झालेत. सिंक एक फूट डावीकडे कोपऱ्यात घ्या, शेगडी एक फूट उजवीकडे सरकवा. म्हणजे २४ सिंकचे, ३६ मोकळे, ३० शेगडी, १८ पलीकडे, बरोबर १०८ इंच. पलीकडचे १८ मात्र कायम रिकामे ठेवा, उकळती कढई किंवा कुकर उतरवायला हाताशी जागा लागतेच आणि ती नसली की लोक गरम भांडं घेऊन सिंकपर्यंत चालतात, हे फार वाईट. सिंक भिंतीला अगदी चिकटवू नका, भांडी घासताना कोपर आपटतं, २१ इंची सिंक घेऊन ३ इंच सोडा.

गिरगावची_काकू
अगं, उंची ठरवताना नुसता ओटा मोजू नकोस, तव्याची उंची मोज! ओटा ३३ इंच धरलास तर त्यावर शेगडीचे चार-पाच इंच, वर तवा, आईला भाकरी उलटताना प्रत्येक वेळी खांदा उचलायला लागणार आणि भाकरीला पाणी फिरवलं की वाफ थेट चेहऱ्यावर. शेगडीपुरता ओटा ४ इंच खाली उतरवून घे. हॉबनेही (ओट्यात कापून बसवलेली शेगडी) उंची कमी होते, पण मला उतरवलेला ओटाच बरा वाटतो, शेगडी उचलून खालून पुसता येते. दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं सोडायला सांग म्हणजे फडकं फिरेल, नाहीतर त्या फटीत पीठ आणि तेल बसून झुरळं होतात.

भाजी चिरायला ओटा कोपराच्या ३-४ इंच खाली असला की बरा पडतो, पण कणीक मळायला आणि भाकरी थापायला त्याहून खाली लागतो कारण जोर वरून द्यायचा असतो. त्या मानाने ३३ आईला अगदी योग्य आहे, तुला कमी पडेल. म्हणून समोरचा १५ इंची ओटा ३६ वर घे आणि तुझं चिरणं, सॅलड, डबे भरणं तिकडे कर. आणि सिंक १० इंच खोल घेऊ नकोस, भांडी तू घासत असशील तर कंबर जाईल, ८ पुरे.

मुलुंडकरीण
काकू, समोरचा ३६ वर घ्यायची आयडिया खूपच आवडली, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण मग फ्रिज कुठे ठेवू? आणि शेगडी सरकवायची म्हणजे गॅसचा पॉइंट पण हलवायला लागेल का?

साष्टीकर
फ्रिज समोर नकोच. मोठा फ्रिज २६-२८ इंच खोल असतो, ७२ मधून ओट्याचे २४ आणि फ्रिजचे २८ वजा केले की वाट २० इंच, त्यात दार पूर्ण उघडणारच नाही. हॉलमध्ये किचनच्या तोंडाशी, अगदी लागून ठेवा, मुंबईत निम्म्या घरांत तिथेच असतो. दार कुठल्या बाजूला उघडतं ते घेण्याआधी बघा, उघडं दार तुमच्या आणि ओट्याच्या मधे यायला नको.

एक फुटाने बहुतेक पॉइंट हलवावा लागणार नाही, पण लागलाच तर काम महानगर गॅसकडूनच करून घ्या, प्लंबरला पाइपला हात लावू देऊ नका. मीटर आणि पाइप कपाटात बंद करायचा मोह होतो, तोही टाळा. पाइप गॅस हवेपेक्षा हलका असतो, गळला तर वर साठतो.

तोडफोड सुरू व्हायच्या आत इलेक्ट्रिशियनला बोलवा कारण टाइल्स लागल्यावर काही होत नाही. समोरच्या ओट्यावर किमान तीन सॉकेट, त्यातले मायक्रोवेव्ह आणि इंडक्शनचे १६ अँपिअरचे. सिंकखाली प्लाय आय.एस. ७१० चाच (पाण्याला टिकणारा मरीन प्लाय), बिलावर लिहून घ्या, पावसाळ्यात साधा प्लाय फुगतो. ग्रॅनाइटवाल्याला पुढच्या कडेला खालून बारीक खाच मारायला सांगा, नाहीतर पाणी ओघळून ट्रॉलीच्या दारांवर उतरतं. आणि ट्रॉलीच्या तळाशी पावलं आत जातील अशी ३-४ इंच जागा सोडा, ती नसली की ओट्यापासून लांब उभं राहून वाकावं लागतं, आईंची पाठ दुखेल.

फ्रिज घेतला नसेल तर मॉडेल ठरवून त्याची खोली आणि दाराची दिशा इथे टाका, मग हॉलकडची जागा बघू.