मदत हवी आहे: एस्टीमच्या इंजिनाला रॉड आणि बेअरिंग कोणती घालू?

घाटमारुती
मंडळी, एस्टीमचं १.३ सोळा व्हॉल्व्हचं इंजिन खोललंय. ब्लॉक मशीन शॉपला गेलाय. पार्ट बाहेरून मागवायचे तर ऑर्डर याच आठवड्यात टाकायला हवी. फोर्ज्ड (घडीव) रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे, घालायचं नक्की आहे. एच-बीम (एच आकाराच्या छेदाचे) घेऊ की आय-बीम? बेअरिंग एसीएल कंपनीची रेससाठीची की मारुतीची ओरिजिनल? ज्यांनी स्वतः लावलंय त्यांनीच सांगा. "कशाला पैसे घालवता, नवी गाडी घ्या" वाल्यांना आधीच नमस्कार.

लेथवाले काका
टर्बो आहे की साधं? किती आरपीएमपर्यंत फिरवणार? क्रँक स्टँडर्ड मापाचा आहे की ग्राइंड करून बारीक झालाय? पिस्टन कुठले? यातलं काहीच लिहिलेलं नाही. आम्ही काय पोपटाकडून चिठ्ठी काढून सांगायचं?

पंचगंगा पिस्टन
एच-बीम, डोळे झाकून. रॉडचे एआरपी २००० जातीचे बोल्ट सोबत येतात का तेवढं बघा. माझ्या जिप्सीत लावलेत, इंजिन तेच. दोन पावसाळे झाले, हूं की चूं नाही.

लेथवाले काका
जिप्सी कुठे चालवता?

पंचगंगा पिस्टन
ऑफरोड. राधानगरी, आंबा घाट वगैरे.

लेथवाले काका
म्हणजे चिखलात, लो रेंजमध्ये, ३००० आरपीएमला. तिथे कंपनीचा रॉडसुद्धा झोपा काढतो.

पंचगंगा पिस्टन
काका, तुम्ही प्रत्येक धाग्यावर असंच बोलता. अनुभव विचारलाय, अनुभव सांगितला.

घाटमारुती
भांडू नका राव. टर्बो नाही. ७५०० पर्यंत फिरवायचंय. कोईम्बतूरला कारीच्या ट्रॅकवर वर्षातून दोनदा जातो, बाकी इकडे ऑटोक्रॉस. क्रँकचं मशीन शॉपवाला बघतोय. आता सांगा, एच की आय?

लेथवाले काका
"बघतोय" म्हणजे काय ते उद्या जाऊन विचारा. तोवर हे वाचा.

या इंजिनाचा स्ट्रोक ७५.५ मिमी, रॉड १२० मिमी. पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचं वरचं टोक मिळून ४०० ग्रॅम धरू. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन वर पोचतो तेव्हा वरून गॅसचा दाब जवळजवळ नसतो, आणि त्याला थांबवून परत खाली खेचायचं काम एकट्या रॉडचं. ६००० आरपीएमला ही ओढ साधारण ८०० किलो भरते. ७५०० ला साडेबाराशे. आरपीएम सव्वापट, ओढ दीडपटीच्या वर.

टर्बो रॉडला दाबतो, आरपीएम रॉडला ताणतो. दाब बीम सोसतो, ताण बोल्टवर येतो. तुमचं इंजिन साधं आहे, म्हणजे तुमचा प्रश्न बीमचा नाहीच, बोल्टचा आहे. एच आणि आय दोन्ही चालतील. स्वस्तातले एच-बीम मात्र वजनाने भारी असतात. चारही तोलून बघा, मोठं टोक वेगळं, छोटं वेगळं.

आणि पिस्टनला सर्क्लिपची (पिन अडवणाऱ्या कडीची) खाच आहे का तेही बघा. बाहेरचे रॉड बहुतेक फ्लोटिंग (मोकळ्या फिरणाऱ्या) पिनचे, ब्रॉन्झ बुशवाले असतात. तुमचे पिस्टन प्रेस-फिट (रॉडमध्ये घट्ट दाबून बसवलेल्या) पिनचे असतील तर रॉड येऊन नुसते खोक्यात पडतील.

डेट्रॉइटचा ठाणेकर
बोल्टचा विषय निघालाच आहे तर थेट एल१९ जातीचे बोल्ट घ्या. एआरपी २००० ची ताण सोसायची ताकद २,२०,००० पीएसआय, एल१९ ची २,६०,०००. इथे ड्रॅगवाले सर्रास वापरतात. आणि टॉर्क रेंचवर विसंबू नका, स्ट्रेच गेज (आवळताना बोल्ट किती लांबला ते मोजणारं) घ्या. बोल्टच्या आटीला कुठलं वंगण लावलंय त्यावर टॉर्कचा आकडा फिरतो, बोल्ट किती ताणला ते फिरत नाही.

लेथवाले काका
स्ट्रेच गेजला शंभर टक्के सहमत. एल१९ ला अजिबात नाही. त्याला ओल चालत नाही, घामाच्या हाताने धरला तरी गंज आणि हायड्रोजन शिरून ठिसूळ व्हायची भीती. जुलैत आमच्या चिपळुणात सुकी जागा फक्त फ्रिजमध्ये असते.

डेट्रॉइटचा ठाणेकर
तेलात बुडवून ठेवायचे, हातमोजे घालायचे. एवढं अवघड नाही हो ते.

बलेनोवाला
हे सगळं करण्यापेक्षा जुन्या बलेनोचं १.६ इंजिन टाका ना. ९० मिमी स्ट्रोक, टॉर्क फुकटात. एक माझ्या ओळखीत आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

घाटमारुती
माझ्या क्लासला १४०० सीसीची मर्यादा आहे. कृपया विचारलंय तेवढंच सांगा. बेअरिंगचं कोणीच बोललं नाही अजून.

मायक्रॉन मावशी
मी बोलते. भोसरीत क्रँक तपासण्यात नोकरी गेली माझी.

ब्रँडच्या आधी फट, म्हणजे जर्नल (क्रँकचा रॉड बसतो तो गोल भाग) आणि शेल (बेअरिंगची अर्धी वाटी) यांच्यामधली. ढोबळ नियम असा की जर्नलच्या दर इंचाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग). तुमची रॉडची जर्नल ४२ मिमी, म्हणजे ०.०४२ मिमीच्या आसपास. रेससाठी ०.०५ पर्यंत ठीक. जर्नल मायक्रोमीटरने मोजा, शेल बसवून बोल्ट पूर्ण आवळा आणि मग आतलं माप बोअर गेजने घ्या. प्लास्टीगेज (फटीत चिरडून माप देणारा प्लास्टिकचा धागा) खात्री करायला बरं, त्यावर इंजिन बांधू नये. एसीएलच्या रेस शेलमध्ये एक्स लिहिलेला सेट येतो, तो एक थाऊ जास्त फट देतो. गरज पडली तर एक अर्धा साधा आणि एक अर्धा एक्स असं लावून मधलं माप जुळवतात.

क्रँक ग्राइंड केला असेल तर जर्नलच्या कडेची गोलाई बोट फिरवून बघा. घाईत चाक सरळ उतरवलं की तिथे काटकोन राहतो, आणि क्रँक तडकतो तो तिथूनच. उलट गोलाई जास्त ठेवली तर शेलची कड तिच्यावर घासते. दोन्ही पाहिलंय.

मला वेगळंच विचारायचंय. इंजिन खोललं कशासाठी?

घाटमारुती
मागच्या वेळी ३ नंबरची बिग एंडची (रॉडच्या मोठ्या टोकाची) शेल जागेवरून फिरली. रॉडही गेला. म्हणूनच फोर्ज्ड घालतोय ना.

मायक्रॉन मावशी
रॉड गेला म्हणून शेल फिरत नाही, शेल फिरते म्हणून रॉड जातो. बाकीच्या तीन कशा होत्या?

घाटमारुती
एकीवर थोडं तांबं दिसत होतं. बाकी दोन चांगल्या होत्या.

लेथवाले काका
ऑइल प्रेशर गेज आहे का गाडीत?

घाटमारुती
गेज नाही, कंपनीचा दिवा आहे. लांब वळणात लुकलुकायचा, सरळ आलं की विझायचा. कनेक्शन लूज असेल, लक्ष दिलं नाही.

लेथवाले काका
अरे देवा.

मायक्रॉन मावशी
कनेक्शन लूज नाही. वळणात तेल संपच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) एका बाजूला चढतं, पिकअप (पंपाचं तेल ओढायचं तोंड) उघडा पडतो, पंप हवा ओढतो. तो दिवा प्रेशर अर्ध्या बारच्याही खाली गेल्यावर लागतो. ६००० ला क्रँक सेकंदाला १०० फेऱ्या मारतो, त्यामुळे डोळ्याला दिसेपर्यंत शेल कोरडी फिरून झालेली असते. यात कुठलेही रॉड घाला, पुढच्या वर्षी परत इथेच धागा काढाल.

आधी संपमध्ये पत्र्याचा बॅफल (तेल अडवणारा आडोसा), पिकअपभोवती झडपांची पेटी, आणि एक खरं प्रेशर गेज. जुन्या शेलचा चुरा ऑइल कूलरमध्ये, पाइपात आणि क्रँकच्या तेलाच्या भोकांत बसलेला असतो. भोकांचे प्लग काढून ब्रशने साफ करून घ्या. कूलर असेल तर फेकून द्या, तो साफ होत नाही.

पंचगंगा पिस्टन
मावशी बरोबर. २०डब्ल्यू-५० घाला, जाड तेल वळणात कमी हलतं.

लेथवाले काका
काहीही! पिकअप उघडा पडला की जाड काय आणि पातळ काय. तेल ०.०४२ च्या फटीला जुळेल असं घ्यायचं, १०डब्ल्यू-४० पुरे.

घाटमारुती
मशीन शॉपला फोन केला. क्रँक ०.२५ मिमी ग्राइंड करून ठेवलाय, मला न विचारता. म्हणजे अंडरसाइज (बारीक झालेल्या जर्नलसाठीची जाड) शेल बघायला लागणार. गोलाई बघायला उद्या जातो. बॅफल कोण बनवून देईल पुण्यात?

मायक्रॉन मावशी
जुना संप घेऊन कुठल्याही चांगल्या टिग वेल्डरकडे जा, चित्र काढून देते मी. व्यनि केलाय.

टूस्ट्रोक तात्या
छान चर्चा. अवांतर: आरएक्स १०० ला कॉनरॉड किट कुठलं चांगलं? मंगळवारपर्यंत हवंय.

लेथवाले काका
तात्या, नवा धागा काढा. आणि त्यात क्रँक शेवटचा कधी उघडला तेही लिहा.