मदत हवी आहे : अंगोला-मोझांबिक शांतता करारांबद्दल

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या प्रबंधासाठी यादवी संपवणाऱ्या करारांवर वाचतेय आणि एका जागी पार अडकलेय.

दोन्ही देश पोर्तुगालच्या जुन्या वसाहती, दोन्ही 1975 साली स्वतंत्र झाले. अंगोलात मे 1991 मध्ये सरकार आणि युनिटा ही बंडखोर संघटना यांच्यात बिसेस करार झाला. सप्टेंबर 1992 मध्ये मतदान झालं तेव्हा दोन्हीकडची सैन्यं पुरती बरखास्तही झालेली नव्हती आणि संयुक्त राष्ट्रांचे लष्करी निरीक्षक होते जेमतेम साडेतीनशे. युनिटाचे नेते साविंबी यांनी निकाल नाकारला, लढाई पुन्हा पेटली आणि 2002 मध्ये ते मारले गेल्यावरच थांबली. मोझांबिकने यातून धडा घेतला असावा. तिथलं सरकार आणि रेनामो ही बंडखोर संघटना यांच्यातला रोम करार ऑक्टोबर 1992 चा, पण निवडणूक 1994 पर्यंत लांबवली, हजारो शांतिसैनिक आले आणि रेनामोला पक्ष उभारायला चक्क पैसे दिले गेले. (मला तरी हे पैसे सगळ्यात शहाणपणाचे वाटतात!)

घोडं अडलंय ते इथे : 2013 च्या सुमारास रेनामोने पुन्हा बंदुका उचलल्या, म्हणून 2019 मध्ये नवा करार करावा लागला. मग रोम करार यशस्वी धरायचा की फसलेला? मार्गदर्शक सर म्हणतात, 'आधी व्याख्या ठरव.' पण किती वर्षं शांतता टिकली म्हणजे टिकली म्हणायचं? कुणी यावर काम केलंय का?

आणि हो, गोव्यातल्या कुणाला पोर्तुगीज वाचता येत असेल तर कराराची दोन-तीन कलमं समजून घ्यायची आहेत.