विषय: फैजपूरचं घर विकायचंय, आधी रिकामं कसं करू?

नमस्कार मंडळी,

ह्या मेलिंग लिस्टवर पहिल्यांदाच लिहितेय. आई जाऊन दोन वर्षं झाली, ऐन आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर गेली, बाबा त्याच्या आधीच गेले होते, तेव्हापासून जळगाव जिल्ह्यातलं आमचं फैजपूरचं घर बंद आहे. भाऊ पुण्यात, मी इकडे डॅलसला, दोघांनी मिळून विकायचं ठरवलंय. एजंट म्हणतो गिऱ्हाईक आहे ताई, पण आधी घर मोकळं करा, माळ्यापासून ओट्यापर्यंत सामान भरलंय, खोली केवढी आहे तेच कोणाला दिसत नाही. त्याच्या ओळखीचा भंगारवाला आहे, एका दिवसात सगळं उचलून नेतो आणि वर पैसेही देतो म्हणे. भाऊ म्हणतो देऊन टाक. मला डिसेंबरात बारा दिवस सुट्टी मिळतेय.

पितळेची भांडी आहेत ढीगभर, आजीचं मांडे भाजायचं मातीचं खापर आहे, आजोबांच्या पोथ्या, बाबांच्या हिशोबाच्या वह्या, आणि तीन लोखंडी पेट्या, त्यातल्या दोन पेट्यांच्या किल्ल्या सापडत नाहीयेत. कोणी हे केलंय का? खरंच सांगा, मला रात्री झोप लागत नाहीये.

---

ताई,

भंगारवाल्याला आत्ताच फोन करून नाही म्हणा, मग पुढचं वाचा.

माझं घर अमळनेर तालुक्यात होतं. 2016 साली मी इथूनच फोनवर सगळं उरकलं, चुलतभावाला म्हटलं माळ्यावरच्या पेट्या जुन्या कपड्यांच्या आहेत, देऊन टाक. त्याने दिल्या. त्यात वडिलांनी केलेलं मूळ खरेदीखत होतं. ते कळलं कधी, तर गिऱ्हाईकाच्या बँकेने कर्जासाठी जुने कागद मागितले तेव्हा. दस्त नंबर आठवत नाही, साल नक्की माहीत नाही, मग रजिस्ट्रार ऑफिसात सूचीची एकेका वर्षाची रजिस्टरं शोधत बसायचं आणि सापडलं की नक्कल मागायची. चार महिने गेले, तोवर गिऱ्हाईकाने दुसरं घर घेतलं. चूक माझीच होती, भावाने मी सांगितलं तेच केलं.

म्हणून सांगतो, पहिले तीन दिवस घरातली एकही वस्तू बाहेर जाऊ देऊ नका, फक्त कागद. खरेदीखत, सिटी सर्व्हेचा उतारा म्हणजे मिळकत पत्रिका, नगरपालिकेच्या घरपट्टीच्या पावत्या, बांधकामाची परवानगी, दोघांचे मृत्यूचे दाखले, वारस नोंद झाली असेल तर तिचा कागद. झाली नसेल तर ते काम आधी लावा, मिळकत पत्रिकेवर तुमची नावं लागल्याशिवाय कोणी बयाणा देत नाही, आणि देऊ म्हणाला तरी घेऊ नका. आणि कागद नेहमी कागदाच्या जागी नसतात हो, आमच्याकडे घरपट्टीच्या पावत्या पिठाच्या डब्याखाली निघाल्या होत्या आणि एलआयसीची पॉलिसी देवघरातल्या फोटोच्या मागे.

बाबांच्या वह्या तर अजिबात टाकू नका. तुम्ही परदेशात राहता म्हणून तुमच्या हिश्श्याच्या पैशातून गिऱ्हाईकाला टीडीएस कापावाच लागतो, आणि बऱ्याचदा तो नुसत्या नफ्यावर नाही तर पूर्ण रकमेवर धरून कापतात. कमी कापायचं सर्टिफिकेट इन्कम टॅक्सकडून मिळतं पण त्याला अर्ज व्यवहाराच्या आधी करावा लागतो आणि त्यात नफ्याचा हिशोब दाखवावा लागतो. घर जुनं असेल तर 1 एप्रिल 2001 ची किंमत धरता येते, व्हॅल्युअरकडून रिपोर्ट घ्या. त्यानंतर घरावर जो खर्च झाला, स्लॅब टाकला असेल, वरची खोली काढली असेल, त्याची बिलं असतील तर तोही धरता येतो. ती बिलं कुठे असणार? बाबांच्या वहीत, टाचणी लावून. सीएला आत्ताच गाठा, जायच्या आदल्या दिवशी नको.

पोथ्यांबद्दल. आठवण म्हणून बॅगेत घालून आणायचा विचार असेल तर थांबा. 1972 चा पुरावस्तू कायदा आहे, शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा वस्तू, आणि महत्त्वाचं हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षांहून जुनं, आपल्याला देशाबाहेर नेता येत नाही. छापील पोथी असेल, अलीकडची असेल तर प्रश्न नाही. पण हाताने लिहिलेल्या असतील, मोडी लिपीतले कागद असतील, तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, 1927 पासूनचं, त्यांना फोटो पाठवून विचारा. कागद जाणत्या हातात जाईल. मी माझ्या आजोबांचे मोडी कागद वाळवीला दिले असं मला अजून वाटतं.

बारा दिवसांत होणार नाही ताई. तीन आठवडे काढा.

अमळनेरवाले काका, न्यू जर्सी

---

काकांनी कागदांचं सांगितलं, मी भांड्यांचं सांगते, आमचं भुसावळचं घर मी आणि वहिनीने हाताने रिकामं केलंय.

आधी कोणालातरी पुढे पाठवून घर उघडून झाडून घ्या. दोन वर्षं बंद घर म्हणजे विंचू निघणारच, गोधड्यांच्या थप्पीत आणि पत्र्याच्या कोठीमागे हात घालू नका, पायात बूट घाला. डिसेंबर निवडलात ते फार बरं केलंत, आम्ही मे महिन्यात गेलो होतो, पंचेचाळीसच्या उन्हात माळ्यावर दहा मिनिटं उभं राहवत नाही.

पितळ, तांबं आणि कासं वेगळं करा, हे स्वतः करा. मोडीत घेणारे सगळं एकाच ताजव्यात टाकतात आणि पितळेचा भाव लावतात, काशाची वाटी आणि तांब्याचा बंब त्यात फुकट जातो. वजन तुमच्या काट्यावर, तुमच्या डोळ्यांसमोर. आणि मोठे हंडे, पातेली मोडीत घालूच नका, देवळात भंडाऱ्याला लागतात, विचारून बघा, घरी येऊन नेतील. सागवानी दारं-कपाटं घराबरोबर देऊ नका, त्याची किंमत वेगळी होते.

खापर इकडे आणायचा हट्ट नको, फुटेल. गल्लीत अजून मांडे करणारी कोणी असेल, तिला द्या. आम्ही दिलं, तिने त्याच आठवड्यात पुरण घातलं.

तुमच्याकडे कानबाई, म्हणजे श्रावणात नारळाच्या रूपात पुजतात ती देवी, बसत असेल तर ते नारळ शोधा. आमच्याकडे ते पिढ्यान्‌पिढ्यांचं होतं, लाल फडक्यात, देवघराच्या खालच्या फळीवर, बघणाऱ्याला नुसतं वाळकं नारळ वाटेल आणि फेकून देईल. भाऊबंदांत जे थोरलं घर आहे तिथे मानाने नेऊन द्या, श्रावणात रोट तिथे होतील.

आणि एक, शेवटच्या रविवारी सगळ्या भाऊबंदांना बोलवा, कोणाच्या तरी मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजा, भरीत-भाकरी करा, आणि प्रत्येकाला म्हणा घरातली एक वस्तू उचल. हे भंगारवाल्याकडून होत नाही.

---

मंडळी,

जानेवारी उजाडला, उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा. तिकीट बदलून बावीस दिवस राहिले. भाऊ आधी दोन दिवसांसाठी म्हणून आला आणि नऊ दिवस राहिला.

काका, पेट्यांना कुलूपवाला बोलावला. पहिलीत आईची लुगडी. दुसरीत, लुगड्यांच्याच खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत खरेदीखत, 2004 साली वरची खोली काढली त्याची सिमेंट-सळईची बिलं आणि गवंड्याचा हिशोब बाबांच्या अक्षरात. भाऊ ते हातात घेऊन पायरीवर बसला तो बराच वेळ उठला नाही. सीएने बिलं बघितली, सर्टिफिकेटचा अर्ज गेलाय. पोथ्या सगळ्या छापील निघाल्या, त्या काकूंकडे दिल्या, त्या रोज वाचतात. नारळ होतं, भुसावळच्या ताईंनी सांगितलं तिथेच, फक्त फडकं हिरवं. थोरल्या काकांकडे पोचवलं.

भांडी वेगळी करताना एक झालं. आपल्याकडे भांड्यावर नाव कोरतात ना, तर दिव्याखाली एकेक भांडं धरून वाचत गेलो, आणि सतरा भांडी आमची नव्हतीच. कोणाची लग्नात आलेली, कोणाची डोहाळजेवणाला मागून आणलेली, परत करायची राहिलेली. नावं बघून भाऊ घरोघर देत फिरला. एक परात समोरच्या आजींच्या सासूची निघाली, वर 1958 कोरलेलं. आजी नव्वदीच्या पुढच्या, डोळ्याला दिसत नाही, त्यांनी अक्षरांवरून बोटं फिरवली आणि म्हणाल्या, हीच, हिच्यातच कणीक मळायची मी. मग आम्हाला जाऊ दिलं नाही, जेवायलाच बसवलं.

मी पाच वस्तू आणल्या. एक फुलपात्र, आईचा कुंकवाचा करंडा, दोन गोधड्या, बाबांची एक वही.

खोल्या आता मोकळ्या आहेत, ओट्यापासून मागच्या दारापर्यंत उजेड दिसतो. दोन गिऱ्हाईकं बघून गेली, एकाने परत यायचं म्हटलंय. समोरच्या आजींकडे किल्ली ठेवलीय.

फैजपूरची, डॅलसहून