मूल वाढवण्यासाठी घरी राहणाऱ्या आईला आधार कोणता?

प्रश्न (फोंडा): मुलीच्या संगोपनासाठी मी वेर्ण्यातील नोकरी सोडली. पहाटेच्या पेजेपासून रात्री तिचा ताप पाहण्यापर्यंत सारे माझ्याकडेच असते, तरी बँकेतील कारकुनाने माझ्या अर्जावर व्यवसायाच्या रकान्यात ‘काही नाही’ असे लिहिले. या श्रमांना कायद्याचा किंवा शासनाचा काही आधार आहे का?

उत्तर (म्हापसा): ताई, गोव्याच्या नागरी कायद्यानुसार, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामायिक धरली जाते आणि पगार कोणाचाही असला तरी तिच्यात तुमचा अर्धा वाटा असतो, घर किंवा जमीन विकताना तुमचीही सही लागते. माझ्या मते कोणत्याही मानधनापेक्षा हा आधार मोठा आहे.

उत्तर (डिचोली): गृह आधार योजनेतून दरमहा १,५०० रुपये मिळतात, त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत आणि गोव्यातील वास्तव्य किमान १५ वर्षांचे असावे लागते. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती थेट गृहिणीच्या खात्यात जमा होते. मुलांसाठी घरी राहणाऱ्या वडिलांना मात्र या योजनेत जागा नाही, आणि ही उणीव मला फार खटकते.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. सहीच्या अधिकाराची मला कल्पनाच नव्हती. लग्नाच्या नोंदणीचे कागद आजच काढून पाहते.