‘संत तुकाराम’ पाहून मन का भरले नाही?

प्रश्न (मंगळवार पेठ, कोल्हापूर):
आमच्या घरी ‘प्रभात’ फिल्म कंपनीचे नाव निघाले की आजोबांना भरून येत असे, ती कंपनी १९२९ साली आपल्याच कोल्हापुरात सुरू झाली, हे ते पाहुण्यारावळ्यांनाही आवर्जून सांगत. त्यामुळे ‘प्रभात’चाच, दामले-फत्तेलालांनी दिग्दर्शित केलेला १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ परवा पहिल्यांदा पूर्ण पाहायला बसलो, तेव्हा मनात मोठी आस होती. पाहून झाल्यावर मात्र मन खट्टू झाले. विष्णुपंत पागनिसांचा आवाज गोड आहे, पण त्यांचा तुकाराम प्रत्येक प्रसंगात तोच शांत चेहरा घेऊन उभा असतो. तुकोबांचा मत्सर करणारा सालोमालो आला की तो काय करणार हे आधीच कळते. आणि शेवटच्या वैकुंठगमनात भाव दाटून येण्याऐवजी मला कारागिरीच दिसत राहिली. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली गौरवलेला हा चित्रपट मला का भिडला नसावा? माझ्या पाहण्यात चूक असेल तर मोकळेपणाने सांगावे.

उत्तर १ (शाहूपुरी):
आपण तुकोबांकडेच पाहत राहिलात, असे वाटते. या चित्रपटाचा जीव गौरी यांनी उभ्या केलेल्या जिजाईत आहे. घरात दाणा नाही, पोरे भुकेली, दारात म्हैस, आणि नवरा अभंगात बुडालेला. हे सारे असह्य झाल्यावर ती पायताण हातात घेऊन थेट विठोबाच्या देवळात शिरते आणि शेजाऱ्याशी भांडावे तशी देवाशी भांडते. तो संताप खोटा वाटत नाही, कारण त्यामागे तिची माया आहे. पागनिसांचा संथपणाही मला तिच्यामुळेच पटतो: एकाचे लक्ष पांडुरंगाकडे आणि दुसरीचे चुलीकडे, अशा दोघांचा हा संसार आहे.

उत्तर २ (राजारामपुरी):
सालोमालोबाबत मी आपल्याशी सहमत आहे. ती भूमिका फार ठळक रंगवली आहे. पण ‘आधी बीज एकले’ पुन्हा ऐकावे. ते शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिले, तरी अनेक जण आजही ते तुकोबांचाच अभंग समजतात, इतके ते त्या वाणीत मिसळून गेले आहे.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. देवळातला प्रसंग काल आईसोबत पुन्हा पाहिला. जिजाई पायताण घेऊन निघाली, तशी हातातली भाजी निवडायची थांबवून आई म्हणाली, “बरोबर आहे तिचं.” मलाही या वेळी ती बाई भिडली. वैकुंठगमन मात्र अजूनही भिडत नाही.